लटकतं मनगट

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, तुम्ही सगळे ठीक असाल, असं आधी लिहून टाकते, म्हणजे पत्राची सुरुवात तरी सरळ होईल. अक्षराचं काही विचारू नकोस. डाव्या हातानं लिहितेय. ओळी उताराला लागल्यात आणि जोडाक्षर काढताना जीभ बाहेर येते. वहिनीला दाखवू नकोस, तिला वाटेल नणंद शाळेतच गेली नाही.

फोन का करत नाहीस, असं विचारशील. आपलं घर तू विसरला नसशील. खाली व्यायामशाळा, वर आपल्या खोल्या आणि मध्ये ती लाकडी तक्तपोशी. वर कुणी शिंकलं तर खाली बार धरलेल्या माणसाचा श्वास चुकतो. आणि तुझं नाव कानावर पडलं की बाबा अजूनही ताट पुढे सरकवून उठतात. म्हणून पत्र.

तर बातमी अशी, की माझा उजवा दंड मोडला. ऑक्टोबरातच मोडला. इतके दिवस कळवलं नाही याबद्दल रागाव, पण थोडं.

वेटलिफ्टिंगच्या निवड चाचणीची तयारी चालली होती. बार एका झटक्यात डोक्यावर गेला, पण जरा जास्तच मागे. असा मागे गेला की सोडून द्यायचा आणि पुढे उडी मारायची, हे तूच मला शिकवलं होतंस. पण समोर बाबा उभे होते आणि ते म्हणाले, "धर." मी धरला. हात मागे पिरगळला आणि दंडातून असा आवाज आला, की पलीकडच्या कोपऱ्यात उड्या मारणारी मुलं थांबली. दुखलं नंतर. आधी आवाज आला.

हाड जुळलं, डॉक्टरांनी चांगलं काम केलं. पण त्या हाडाला वळसा घालून एक नस खाली जाते, तिला मार बसला. मनगट लटकायला लागलं, पाणी न मिळालेल्या रोपासारखं. बोटं मिटतात पण उघडत नाहीत. म्हणजे पेला धरता येतो, खाली ठेवता येत नाही. मग आई येऊन एकेक बोट सोडवते.

आता हातासाठी एका फिजिओबाईंकडे जाते. त्यांना 'नस' म्हटलेलं मुळीच खपत नाही. नस रक्ताची, म्हणतात, हा मज्जातंतू, मेंदूचा निरोप स्नायूकडे नेणारा. त्यांच्या भिंतीवर कातडी सोललेल्या माणसाचं मोठं चित्र आहे, त्यावर छडी ठेवून त्यांनी बाबांना समजावलं की हिचा स्नायू धडधाकट आहे, हाडही जुळलंय, फक्त निरोप्या वाटेत पडलाय. तो उठून चालायला लागेपर्यंत वाट बघायची. मनगटाला आधाराची पट्टी बांधायची आणि दिवसातून दोनदा दुसऱ्या कुणीतरी हात हलवायचा, म्हणजे सांधे आखडणार नाहीत.

बाबा हात जोडून ऐकत होते. आपले बाबा, दादा. ज्यांच्याकडे दुखणी तीनच होती: लचकलं, आखडलं आणि नाटक. तुझ्या मणक्यातली चकती सरकली तेव्हा तुझं दुखणं कुठल्या खात्यात गेलं, ते मला आठवतंय. पण आता ते मज्जातंतू, स्नायुबंध असे शब्द दुकानदाराशी बोलतानाही वापरतात. दुपारी व्यायामशाळा बंद ठेवून वर येतात, माझा हात मांडीवर घेतात आणि मनगट हळूहळू वर नेतात, खाली आणतात. एवढ्या जाड बोटांना असं काही जमत असेल, हे मला माहीत नव्हतं. परवा त्यांनी मला सफरचंद कापून दिलं. फोडी अशा, की तोंडात मावेनात, पण दिलं.

हात कधी बरा होईल, सांगता येत नाही. कदाचित होणारही नाही. तू काळजी करू नकोस आणि मुख्य म्हणजे येऊ नकोस. तुझी क्रेन सोडून यायचं काही कारण नाही. वजन उचलणं तुझ्याही नशिबातून सुटलं नाही, पण निदान यंत्र उचलतं आणि तू बसून असतोस, याचा मला फार हेवा वाटतो.

उत्तर पाठवलंस तर घरी नको. फिजिओबाईंच्या क्लिनिकचा पत्ता मागे लिहिलाय, त्यांना विचारलंय मी.

तुझी,
बुटकी

१७ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. भाचीनं काढलेलं क्रेनचं चित्रही. क्रेनला पापण्या आहेत, हे मला माहीत नव्हतं.

हे अक्षर बघून तू चपापला असशील. हो, हे माझंच, नेहमीचं. उजव्या हातानं लिहितेय.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहिलंस, 'आता तरी बाबांना पटलं का, की प्रत्येक दुखणं नाटक नसतं.' दादा, हे नाटकच आहे. आधी नव्हतं, आता आहे. मागचं पत्र मी डाव्या हातानं लिहिलं, तेव्हा उजवा चालायला लागला होता. तुलाही फसवलं, कारण कुठेतरी एका ठिकाणी खरं बोलले असते तर बाकी सगळीकडे तोंड उघडलं असतं.

सांगते कसं झालं.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी तोंड धुऊन टॉवेलाकडे हात नेला, आणि मनगट वर आलं. अगदी थोडं, झोपेतून मान उचलावी तेवढं. मी बघत राहिले. पुन्हा मनात म्हटलं, ये वर. आलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आईला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालून बाबांचा आवाज आला. कुठल्याशा नव्या मुलाला सांगत होते की माझी पोरगी हात बरा झाला की पहिल्या दिवसापासून बार धरणार, आणि पुढची निवड तिचीच. आवाजात शंकेला जागाच नव्हती.

मी हात खाली सोडला. ठरवून काही केलं नाही. हात आपला खाली गेला आणि मी त्याला तिथेच राहू दिलं.

मला वजन उचलायचं नाहीये, दादा. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितेय. मोडल्यामुळे भीती बसली असं नाही. मोडायच्या आधीही नको होतं. बार डोक्यावर गेला की लोकांना काय वाटतं कोण जाणे, मला फक्त वाटायचं, झालं, आता उद्या. हात मोडला त्या दिवशी दवाखान्यात गुंगी उतरत असताना मनात पहिला विचार आला तो, 'उद्या नाही.' इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

पण हे पुढचं हलकं नाही. दुपारी बाबा माझा हात मांडीवर घेतात तेव्हा तो मेल्यासारखा ठेवावा लागतो. जिवंत हात मेलेला ठेवून बघ एकदा. ते मनगट वर नेतात, माझा हात त्यांना मदत करायला धावतो, मी त्याला आवरते. खांद्यापासून घामाघूम होते. बाबा म्हणतात, दुखतंय का, आणि आणखी हळू करतात. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटतं आणि तेव्हाच सर्वांत जास्त सांगवत नाही. कारण दादा, त्यांनी याआधी माझा हात धरला तो फक्त बारवर नीट बसवायला.

आईला कळलंय. माझी वेणी तीच घालते. एकदा पाठीमागून रबर निसटलं आणि मी ते हवेत झेललं, उजव्या हातानं. ती उठली, दार लावून घेतलं, परत येऊन वेणी पुरी केली. मग म्हणाली, "इतक्यात सांगू नकोस. घर आता कुठे घरासारखं वाटायला लागलंय."

तिचं चूक आहे असं म्हणवत नाही. बाबा आता वर जेवायला येतात तेव्हा बोलतात. आईला विचारतात, तू जेवलीस का. तू गेल्यापासून या घरात एवढे आवाज नव्हते. सगळं घर माझ्या एका लटकत्या मनगटावर उभं आहे, आणि ते मनगट लटकत नाहीये.

आता दुसरी बाजू. तो हात बारीक झालाय. पट्टीत घालून ठेवायचा, वापरायचा नाही, म्हणून कोपराखालचा स्नायू आटत चाललाय. मागच्या आठवड्यात फिजिओबाईंनी नेहमीप्रमाणे तपासलं. मनगट वर कर म्हणाल्या, मी नाही केलं. बोटं उघड म्हणाल्या, नाही उघडली. मग त्या सहज म्हणाल्या, बरं, माझी बोटं जोरात आवळ. मला वाटलं यात काय धोका, आवळणं तर पहिल्यापासून येतं. आवळली. त्यांचा दुसरा हात माझ्या कोपराखाली होता. त्यांनी पुन्हा एकदा आवळायला लावली.

मग त्यांनी सांगितलं. मूठ जोरानं आवळली की मनगट मागे खेचून धरणारे स्नायू आपोआप ताठ होतात, आपण ठरवलं नाही तरी. मज्जातंतू मेला असेल तर ते होत नाही, उलट मनगट पुढे पडतं. "तुझं मनगट जागचं हललं नाही," त्या म्हणाल्या. "हात बरा झालाय तुझा. कधीपासून?"

मी रडले. त्या रागावल्या नाहीत, आणि जवळही घेतलं नाही, पाणी दिलं. माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, वडिलांना काय सांगायचं हा तुझा प्रश्न, मी होऊन काही सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि दुसरं असं, की मज्जातंतूची वाट बघता येते, तो परत येतो. स्नायूला मात्र काम दिलं नाही तर तो आटतो आणि सांधे आखडतात. आणखी काही महिने असाच ठेवलास तर मग नाटक करायची गरज राहणार नाही.

तेव्हापासून मी खोलीत दार लावून व्यायाम करते. चेंडू दाबते, मनगट वर करते, पाण्यानं भरलेली छोटी बाटली धरून. मग बाबांचा पाय जिन्यावर वाजला की पट्टी चढवून बसते. एकाच हाताला लपून बरं करायचं आणि उघड आजारी ठेवायचं. हसू नकोस. हस खरं तर. मलाही एकदा आलं होतं.

बाबा पुढच्या भेटीला क्लिनिकमध्ये येणार म्हणतायत. मी काय करू ते सांग. तू सुटलास म्हणून तुला विचारतेय.

तुझी,
बुटकी

६ एप्रिल

प्रिय दादा,

तू लिहिलंस, ये निघून, खोली रिकामी आहे, वहिनीचीही हरकत नाही. तुम्हा दोघांचे उपकार शब्दांत सांगता येत नाहीत, म्हणून सांगत बसत नाही. भाचीला म्हणावं, आत्या तिच्या शेजारच्या खोलीत घोरणार नाही.

पण आधी झालं ते ऐक.

मी सांगितलं त्यांना. क्लिनिकला जायच्या आदल्या दिवशी, दुपारी. ते येऊन बसले, हात मांडीवर घेतला, आणि मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. मनगट वर केलं, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

मी सगळी तयारी केली होती. ते ओरडतील, 'नाटक' म्हणतील, ताट आपटतील. एकेकाला काय उत्तर द्यायचं ते पाठ केलं होतं. पण ते माझ्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहराच विरघळला. त्यांनी माझा पंजा दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांना लावला. आईला हाक मारली, अगं, बघ, बघ, आला तो निरोप्या. त्यांना रडताना तू कधी पाहिलंयस? मी पहिल्यांदा पाहिलं.

मी म्हटलं, बाबा, आज नाही आला. जानेवारीतच आला होता. मी खोटं बोलत होते. ते म्हणाले, असू दे, असू दे. मी म्हटलं, मला वजन नाही उचलायचं, म्हणून खोटं बोलले. ते म्हणाले, भीती असते गं, हाड मोडलेल्या प्रत्येकाला असते, जाईल. आणि पुन्हा हात डोळ्यांना लावला.

त्यांनी ऐकलं, दादा. कान ठीक आहेत त्यांचे. पण त्या सगळ्यातून त्यांच्यापर्यंत एकच गोष्ट पोचली, की हात चालतो. मी दाराजवळ उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत होती, आणि हात कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले. का गेले विचारू नकोस. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर वाटत होतं परत फिरावं, आणि पाय उतरत होते. बाबांनी रिकामा बार स्टँडवर लावून ठेवला होता. खडूचा डबा उघडा. सगळी मुलं भिंतीला लागून उभी, त्यांना कालच सांगून टाकलं होतं. मी बार धरला. पकड डावीइतकी नव्हती, पण धरता आला. खांद्यावर घेतला, वर नेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "उद्या दोन छोट्या प्लेटा."

त्या क्षणी मला कळलं की सांगून काही उपयोग झालेला नाही. नाटक करत होते तेव्हा निदान एक भिंत होती मध्ये. आता तीही गेली. उद्या दोन छोट्या, मग दोन मोठ्या, मग निवड, मग पुढची. बार डोक्यावर होता आणि मला तो खाली ठेवायचं सुचेना. दादा, मला वाटलं मी आयुष्यभर इथेच अशी हात वर करून उभी राहणार.

मग ठेवला. आपटला नाही. स्टँडवर नीट ठेवला, हातांचा खडू झटकला आणि बाबांना म्हटलं, "उद्या मी येणार नाही. परवाही नाही. हात बरा झालाय बाबा, मी पण ठीक आहे. मला हे नकोय, एवढंच."

मुलं जमिनीकडे बघायला लागली. बाबांनी त्यांना घरी जायला सांगितलं. सगळे गेल्यावर ते बाकावर बसले. मला वाटलं, आता. आता तो आवाज येईल, जो तुझ्या वेळी आला होता आणि पार रस्त्यापर्यंत गेला होता. मी तक्तपोशीकडे बघत होते. वर आईची पावलं थांबलेली होती.

त्यांनी खडूचा डबा ओढून झाकण लावलं. मग मान वर करून म्हणाले, "मग मी काय करू?"

रागानं म्हणाले नाहीत. टोमणा नव्हता. एखाद्या परक्या गावात रस्ता विचारावा तसं विचारलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. ही एवढी मुलं आहेत, तुम्ही त्यांना शिकवा, असं काहीही. पण त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि मला येत नव्हतं. मी तिथेच उभी राहिले, मग वर आले.

तेव्हापासून असं चाललंय. व्यायामशाळा उघडते, मुलं येतात, बाबा शिकवतात, पण आवाज वरपर्यंत येत नाही. दुपारी ते वर येत नाहीत. जेवायला येतात तेव्हा आईकडे मीठ मागतात आणि माझ्याकडे काही मागत नाहीत. रागावलेले दिसत नाहीत. रागावलेल्या माणसाला काय करायचं ते आपल्याला माहीत आहे, त्यात आपण वाढलो. याला काय करायचं ते माहीत नाही. आई एकदा म्हणाली की तुझा हात बरा झाला आणि त्यांचा गेला. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिनं माझी वेणी उगाच सोडून पुन्हा घातली.

मी रोज क्लिनिकला जाते. स्नायू भरतोय, फिजिओबाई खूश आहेत. मनगट आता पूर्ण मागे जातं. अंगठ्याच्या मुळाशी थोडा बधिरपणा आहे तो शेवटी जाईल, म्हणतात. त्यांच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हातपाय हलवायला मदतीला राहशील का, असंही त्यांनी विचारलंय. हो म्हणावंसं वाटतंय.

तुझ्याकडे येत नाहीये. निदान आत्ता नाही. पिशवी भरली होती, खरं सांगते, दारापर्यंत आणली होती. पण तू गेलास तेव्हा मागे मी होते. मी गेले तर मागे फक्त तो प्रश्न राहील, आणि तो आईला रोज ऐकावा लागेल. हे प्रेम आहे का अडकणं आहे, मला कळत नाही. बहुतेक अडकणंच आहे. पण बार खाली ठेवलाय एवढं नक्की, आणि तो मी पुन्हा उचलणार नाही.

तू म्हणालास, काहीही लागलं तर माग. मागते.

ते जे त्यांनी विचारलं, मग मी काय करू, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आईकडेही नाही. तू त्यांच्या हाताखाली माझ्यापेक्षा जास्त वर्षं काढलीस, मोडून निघालास, आणि तरी तुझ्या पत्रात दर वेळी शेवटी एक ओळ असतेच, बाबा कसे आहेत. तुला काही सुचलं तर मला लिहू नकोस. त्यांना लिही. घरच्या पत्त्यावर.

'प्रिय' लिहायला हात धजावला नाही तर नुसतं 'बाबा' लिही. ते तेवढंच वाचून थांबले, तरी मी समोर बसून असेन.

तुझी,
बुटकी